सेमिनार द्यायचाय, आणि तोंडातून 'गुणी वर्गमित्रांनो'च बाहेर पडतंय

विहीरवाली
नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. एमएस्सी रसायनशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीपासून (म्हणजे अकरावीपासून) सगळं इंग्रजीत. पंधरा दिवसांनी विभागात माझा सेमिनार आहे. दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न, आणि बाहेरून परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, येणार. त्यानंतर त्याच विषयावर १५०० शब्दांचा लेख द्यायचाय. तोच पुढे मराठीत लिहून एका विज्ञान निबंध स्पर्धेला पाठवायचाही विचार आहे.

विषय आमच्याकडच्या बारा विहिरींच्या पाण्याचा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दुष्फेनता (म्हणजे पाण्याचा जडपणा) आणि नायट्रेट किती, एवढंच मोजलंय.

अडचण अशी की शाळेत मी वक्तृत्वात पहिली यायची. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या गुणी वर्गमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्याल अशी आशा बाळगते." हे रक्तात भिनलंय. काल होस्टेलवर सराव करताना "रिस्पेक्टेड डिग्निटरीज ऑन द डायस" असं सुरू केलं तर रूममेट गादीवर लोळून हसली. म्हणाली, तिथे डायस कुठाय, दोन बाक आणि एक पंखा आहे. निबंधाचंही तेच. सुभाषितानं सुरुवात आणि कवितेच्या ओळीनं शेवट केल्याशिवाय हात थांबत नाही.

स्लाइड तेवीस झाल्यात. काय करू?

तिसरं_गेट
दहा मिनिटांत तेवीस? रेल्वे गेली आणि फाटक उघडलं की टिळकवाडीत गाड्या सुटतात तशा सोडणार काय स्लाइड?

कुंदाप्रेमी
पहिल्या स्लाइडवर आपल्या बेळगावी मिठाईचा, कुंद्याचा फोटो टाक. एक्स्टर्नल बाहेरगावचे असतील तर बाकीच्या बावीस बघणारच नाहीत.

एक्स्टर्नल_काका
मी बरीच वर्षं अशा बाकांवर बसलोय, म्हणून त्या बाजूनं सांगतो.

सकाळी दहापासून आम्ही ऐकत असतो. तुझा नंबर सातवा असला तर चहा होऊन गेलेला असतो आणि जेवण लांब असतं. त्यात प्रत्येक जण पहिली स्लाइड लावतो: "इंट्रोडक्शन, मटेरियल्स अँड मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन, कन्क्लूजन". बाई गं, हा क्रम आम्हाला पाठ आहे. हॉटेलात बसल्यावर वेटरनं "आधी पाणी, मग ताट, मग बिल" असं सांगावं तसं ते वाटतं. दुसऱ्या स्लाइडवर "पाणी हे जीवन आहे". तिसऱ्यावर पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्यानं व्यापलाय. तीन मिनिटं गेली तरी विहिरीचा पत्ता नाही!

उघडताच विहीर दाखव. मोबाइलवर काढलेला फोटो चालेल, फक्त तू गेलेल्या विहिरीचा असू दे, नेटवरचा नको. आणि लगेच प्रश्न सांग: पाऊस पडून गेल्यावर या पाण्यातलं नायट्रेट वाढतं का? एवढं कळलं की आम्ही पुढची नऊ मिनिटं जागे राहतो.

पद्धतीला एक स्लाइड बास. दुष्फेनता मोजायच्या इडीटीए टायट्रेशनमध्ये लाल रंग निळा होतो हे सांगण्यात दोन मिनिटं घालवू नकोस, ते आम्ही तुझ्याकडून प्रॅक्टिकलला करून घेतलंय. पण प्रत्येक नमुना किती वेळा मोजला, ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली चाचणी) घेतला का, बाटल्या थंड ठेवून किती तासांत लॅबमध्ये आणल्या, हे जरूर सांग. प्रश्न तिथूनच येतात.

तक्ते नकोत. बारा विहिरी गुणिले दोन मोसम गुणिले दोन मोजमापं म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे. मागच्या बाकावरून ते मुंग्यांसारखे दिसतात. एक आलेख कर, दोन्ही अक्षांवर नाव आणि एकक लिही आणि ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरवर आडवी रेघ मार. भारतीय मानकाची नायट्रेटची मर्यादा तीच आहे. कोणती विहीर रेघेच्या वर गेली ते न बोलता दिसतं.

आणि गुलाबाच्या फुलावर "थँक यू" लिहिलेली स्लाइड शेवटी लावू नकोस. प्रश्नांची पाच मिनिटं तेच फूल भिंतीवर राहतं. निष्कर्षाची स्लाइड तशीच ठेव, म्हणजे आम्हाला बघून प्रश्न विचारता येतो.

तिसरं_गेट
काका, गुलाबाचं फूल माझ्याही होतं. त्यावर दव पण होतं.

चिकोडीची_सून
मला लग्नानंतर एमएस्सी पूर्ण करायची होती. विषय वनस्पतिशास्त्रातला. सेमिनारच्या आदल्या रात्री सासूबाई भाकरी थापत होत्या आणि मी शेजारी बसून बडबडत होते. त्यांनी विचारलं, काय करायलीस गं एकटीच? म्हटलं, सराव. म्हणाल्या, मला सांग. पाच मिनिटं मराठीत सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण तुला कळलं काय शेवटी?"

तीन आठवडे गाइडनं जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं! त्या रात्री अख्खा सेमिनार मागून पुढे लावला. विहीरवाली, आधी घरच्या कुणालातरी मराठीत सांग. तिथे अडलीस तर इंग्रजीत अडणारच.

रखडलेला_डॉक्टर
ताईंशी अर्धाच सहमत. मराठीत समजावून बघ, पण मराठीत वाक्यं तयार करून त्यांचं भाषांतर अजिबात करू नको. मी नेमकं तेच केलं होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे इंग्रजीत बोलताना वाक्याच्या मध्यावर पोचलो की क्रियापद शोधत राहायचो. समोरचे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे.

माझा उपाय असा. पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यं इंग्रजीत घोटून पाठ. मधलं सगळं फक्त स्लाइडवरच्या आकृतीकडे बघून, छोट्या वाक्यांत. "दिस इज वेल नंबर फोर. इट इज नियर अ केन फील्ड. आफ्टर रेन, नायट्रेट वॉज हायर." व्याकरणाची ऐट नको. अख्खं भाषण पाठ करणाऱ्यांचं काय होतं माहितीय ना? मध्येच कुणी प्रश्न विचारला की परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं, पाढ्यांसारखं.

निपाणीकर_आबा
तुमी सगळी त्या वक्तृत्वाच्या मागं का लागलाय? आमी शाळंत पोरांकडनं घोकून घेतलं म्हणून तर ही पोरगी चार लोकांत हुबं राहायला भीत न्हाई. आवाज मागच्या बाकापर्यंत जायला पायजे, बोलताना थांबायचं कुठं ते कळाय पायजे, बघायचं लोकांकडं, जमिनीकडं न्हवं. हे कुठल्या एमएस्सीत शिकवत्यात? मी बघितलीत की इंग्लिश मीडियमची पोरं. भिताडाकडं तोंड करून स्लाइड वाचत्यात, लोकांकडं पाठ.

रखडलेला_डॉक्टर
आबा, आवाजाचं शंभर टक्के मान्य. भाषणातली फुलं तेवढी काढायची.

निपाणीकर_आबा
फुलं काढा, पर झाड ठेवा म्हणजे झालं.

विहीरवाली
आबा, तुमच्यासारख्याच एका गुरुजींनी मला मैदानावर उभं करून बोलायला लावलं होतं, माइकशिवाय. ते आठवलं.

काल आईला फोनवर सांगून बघितलं. म्हटलं, पावसानंतर उसाच्या रानाजवळच्या विहिरींत नायट्रेट वाढलं, म्हणजे युरिया झिरपला. आई म्हणाली, "त्यातल्या दोन विहिरींच्या शेजारी उकिरडा आहे की. वाड्यातली आणि देवळामागची." मी गप्पच झाले. नमुने घेताना उकिरडा डोळ्यांसमोर होता, नाकासमोरही होता, पण वहीत लिहिलाच नाही.

एक्स्टर्नल_काका
तुझ्या आईला एक्स्टर्नल नेमायला हवं. शेणखतातूनही नायट्रेट झिरपतं, त्यामुळे तुझ्या आकड्यांवरून युरियाकडे बोट दाखवता येत नाही. घाबरू नको. "पावसानंतर वाढलं" हे तू मोजलंयस. "युरियामुळे वाढलं" हा तुझा अंदाज. दोन्ही वाक्यं वेगळ्या स्लाइडवर ठेव आणि उकिरड्याचं आपणहून सांग. आम्ही विचारायच्या आधी तू सांगितलंस तर ते अभ्यासात धरलं जातं. आम्ही शोधून काढलं तर चूक.

आणि "खानापूर तालुक्याचं पाणी" असं शीर्षक असेल तर बदल. बारा विहिरी आहेत. कणकुंबी-जांबोटीकडचा जांभा आणि पूर्वेकडची काळी जमीन यांत पाणी सारखं असेल कशाला?

विहीरवाली
शीर्षक तेच होतं. बदलते.

शहापूर_बाइंडिंग
मी प्रबंध बांधून देतो. रेक्झिन, सोनेरी अक्षरं, चार प्रती. आतलं मला काही कळत नाही, पण एक नक्की सांगू शकतो. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी जे येतात त्यांच्या कव्हरवरच चूक असते. एकाला 'केमिस्ट्री'मधला एक 'आर' कमी पडला, चारही प्रतींवर. दुसऱ्यानं गाइडचं नाव चुकवलं. ते मी दाखवलं म्हणून त्यानं मला वडापाव दिला. दोन दिवस आधी या एवढंच म्हणणं.

रखडलेला_डॉक्टर
अवांतर: शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे बुकबाइंडरकडेच उमेदवारीला होता. १८१२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला गेला, टिपणं काढली, आकृत्यांसकट स्वच्छ लिहून, बांधून डेव्हीला पाठवली. पुढच्या वर्षी तिथेच नोकरीला लागला. पुढे त्याच जागेचा नावाजलेला वक्ता झाला. व्याख्यान कसं द्यावं यावर तरुणपणीच त्यानं मित्राला लांबलचक पत्रं लिहिली होती. म्हणजे आधी तो दुसऱ्यांची व्याख्यानं बारकाईनं ऐकत होता. विहीरवाली, तुझ्या आधीच्या सहा जणांचे सेमिनार मोबाइल बाजूला ठेवून ऐक.

शहापूर_बाइंडिंग
बघा, आमच्या धंद्यातली माणसं कुठं कुठं जातात. मला मात्र अजून कुणी बोलावलं नाही.

कुंदाप्रेमी
तुम्हाला रॉयल नाही, पण लॉयल गिऱ्हाईक आहेत काका.

येळ्ळूरचा_येडा
तांत्रिक बाब. मराठी किंवा कन्नड एक शब्द जरी स्लाइडवर असेल तरी पीडीएफ करून न्या. मी श्रीलिपीत गावाचं नाव टाकलं होतं. तिकडच्या कॉम्प्युटरवर फॉन्टच नाही. पडद्यावर नकाशा, आणि नकाशावर गावाच्या जागी "ÖµÖêôû" असलं काहीतरी. सगळे म्हणाले ही कुठली भाषा. म्हटलं, येळ्ळूर. प्रोजेक्टर जुना असला तर स्लाइडची उजवी बाजू कापली जाते तेही बघून ठेवा.

हिंडलगा_हसमुख
तिथं नाव कन्नडमध्ये असतं तर

संपादक
हसमुख, सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. तिकडे आधीच नऊशे प्रतिसाद झालेत.

हिंडलगा_हसमुख
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

चिकोडीची_सून
पण एक गंभीरपणे. हेच तिनं गावच्या पंचायतीत मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायला हवं. तिथं ना पंखा, ना प्रोजेक्टर. तिथं जमलं तर एक्स्टर्नल म्हणजे काय!

विहीरवाली
कन्नडमध्ये माझं बस-बाजारापुरतं चालतं ताई. तरी डोक्यात ठेवते.

आता लेखाचं बोला ना कुणीतरी. ही माझी सुरुवात, मराठी मसुद्यातली:

"जल हेच जीवन! मानवी संस्कृतीचा उगमच मुळी नदीकाठी झाला. परंतु आजच्या विज्ञानयुगात मानवाने प्रगतीच्या नावाखाली निसर्गावर घाला घातला आहे. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखिकेने बारा विहिरींच्या पाण्याचा सखोल अभ्यास करण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे."

रखडलेला_डॉक्टर
'सखोल' आणि 'अल्पसा' एकाच वाक्यात. विहीर नक्की किती खोल होती?

एक्स्टर्नल_काका
पहिली तीन वाक्यं खोड. ती कुठल्याही लेखाला लागतात, म्हणजे तुझ्या लेखाची नाहीत. 'प्रस्तुत लेखिका' कोण? तू. 'मी' लिही.

१९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली तो लेख जेमतेम पानभर होता, त्यात एकच आकृती. पहिल्याच वाक्यात त्यांनी सांगून टाकलं की आम्ही एक रचना सुचवतोय. जल हेच जीवन वगैरे काही नाही.

तिसरं_गेट
काका, त्यांना इंटर्नल मार्क नव्हते. आमच्याकडे पानं मोजतात.

एक्स्टर्नल_काका
मोजणारे आहेत, नाकारत नाही. मी वाचतो.

चिकोडीची_सून
स्पर्धेवरून आठवलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावानं कथा पाठवली होती. आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी झुकू नये म्हणून. आद्याक्षरं स्वतःचीच, उलटी करून. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून लिहूनही दुसऱ्याकडून घेतली होती. आणि बक्षीस मिळालं. आपल्याकडे उलटं चालतं. वर आठ ओळी पदव्यांच्या आणि खाली मजकूर चार ओळी.

येळ्ळूरचा_येडा
आणि कॉपी-पेस्ट करून शब्द बदलणारी ती सॉफ्टवेअरं वापरू नको. आमच्या बॅचमध्ये एकानं वापरलं. 'वेल वॉटर'चं 'हेल्दी वॉटर' झालं आणि 'हार्ड वॉटर'चं 'डिफिकल्ट वॉटर'.

रखडलेला_डॉक्टर
दुसरं मराठीत बरोबर आहे. आपण 'कठीण पाणी' म्हणतोच!

गमतीपलीकडे, २०१८ च्या यूजीसी नियमांत प्रबंधाला दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत सुधारून परत द्यायचं, चाळीसच्या वर साठपर्यंत एक वर्ष देताच येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. पण टक्का कमी आला म्हणजे लेख तुझा झाला असं नाही. दुसऱ्याचं वाक्य फिरवून लिहिलं तरी विचार त्याचाच, नाव द्यायलाच हवं. मी वाचतो, पुस्तक मिटतो, चहा पिऊन येतो आणि मग आठवेल तेवढंच लिहितो. शेवटी आकडे तपासायला पुस्तक परत उघडतो.

निपाणीकर_आबा
चहा किती वेळा पिता? त्याच्यामुळंच पीएचडी लांबली असंल.

रखडलेला_डॉक्टर
आबा, दंडवत.

विहीरवाली
मसुदा दोन:

"आमच्या गावात देवळामागं एक विहीर आहे. मेमध्ये तिच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या आत होतं. सप्टेंबरमध्ये ते मर्यादेच्या वर गेलं. मधल्या चार महिन्यांत काय झालं, आणि बारापैकी बाकीच्या विहिरींतही तेच झालं का, हे मी पाहिलं."

एक्स्टर्नल_काका
पुढचं वाच म्हटलं तर मी वाचेन. 'मर्यादेच्या आत' आणि 'वर' काढून तिथे तुझे आकडे घाल.

चिकोडीची_सून
आणि शेवटी कविता नको हां.

विहीरवाली
कविता काढली. जीव तुटला, पण काढली.

(बारा दिवसांनंतर)

विहीरवाली
झाला सेमिनार. तेवीसच्या नऊ स्लाइड केल्या होत्या. सातव्या स्लाइडला घंटा वाजली, कारण माझ्या आधीच्यानं वेळ खाल्ला म्हणून माझी दोन मिनिटं कापली. पाठ केलं असतं तर मेलेच असते. आठवी सोडून थेट नववीवर गेले. येळ्ळूरकर, उजवी बाजू खरंच कापली गेली, पण आकडे डावीकडेच ठेवले होते.

पहिला शब्द मात्र "रिस्पेक्टेड" असाच आला. थांबले, तोंड मिटलं आणि म्हटलं, "दिस वेल इज बिहाइंड अवर टेम्पल." मागच्या बाकावरचं कुजबुजणं थांबलं.

उकिरड्याचं मीच आधी सांगितलं. एक्स्टर्नलनी मान हलवली आणि विचारलं, मग कुठलं कारण ते वेगळं कसं करशील? म्हटलं, सर, मला आत्ता माहीत नाही, पण उसापासून लांब आणि उकिरड्याजवळ अशा विहिरी निवडून परत बघता येईल. इंग्रजी तुटकंच होतं. बाहेर आल्यावर लॅबमधले अटेंडंट मामा म्हणाले, "तुझं तेवढं समजलं बघ." मार्क अजून कळले नाहीत.

तिसरं_गेट
मामांचा शेरा फ्रेम करून लाव.

निपाणीकर_आबा
आवाज मागच्या बाकापर्यंत गेला न्हवं? मग झालं. आता माझं एक काम कर पोरी. आमच्या परड्यातल्या विहिरीला लागूनच उकिरडा हाय, आजपतोर कुणाच्या डोक्यात आलं न्हाई. सुनंला चार म्हैन्याचं बाळ हाय, वरचं दूध चालू हाय. पाणी आमी उकळूनच देतो. तेवढं चालतंय न्हवं?

विहीरवाली
नाही आबा. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट जास्त होतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्याचाच त्रास होतो, रक्तातून प्राणवायू नीट पोचत नाही. तपासून होईपर्यंत बाळाच्या दुधाला त्या विहिरीचं पाणी वापरूच नका, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फात ठेवा. शनिवारी निपाणीहून कुणी बेळगावला येणार आहे का?

शहापूर_बाइंडिंग
माझा पुतण्या येतोय. पत्ता कळवा, बाटली तो आणेल.